मामांचा हात आणि माझा टीव्ही

आमच्या भागात माणूस किती खर्रा खातो हे त्याला विचारावं लागत नाही. त्याला तोंड उघडायला सांगायचं आणि त्याचीच बोटं एकावर एक त्याच्या दातांमध्ये घालायला लावायची. तीन बोटं गेली तर सगळं ठीक. दोनच गेली तर खर्रा. एकच गेलं तर मी सर्जनवर खेकसते. त्याचा काही दोष नसतो, पण खेकसायला जवळ तोच असतो.

मी भूलतज्ज्ञ. मूळची चिमूरकडची, आणि गेली बावीस वर्षं गडचिरोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात लोकांना झोपवते आणि मुख्य म्हणजे उठवते. झोपवणं सोपं आहे. औषध शिरेत गेलं की मिनिटभरात पैलवानही आडवा होतो. पण मोठ्या ऑपरेशनला भूल दिली की माणसाचा श्वासही थांबतो, आणि तो आम्हाला द्यावा लागतो. त्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत नळी घालायची. ती वेळेत गेली नाही तर पुढचं मी सांगायला नको. म्हणून तोंड उघडलं पाहिजे. आणि खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो ऐवज, वर्षानुवर्षं गालात धरला की गाल आतून पादत्राणाच्या कातड्यासारखा होतो. मग तोंड उघडायचं नाव घेत नाही. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी की आधी खर्रा यावर एकमत नाही, त्यामुळे असली तोंडं मला रोज भेटतात.

या कामात माझा हात चांगला आहे, असं सगळे म्हणत. मी तर फारच म्हणत असे. एक मूठ, तिला जोडलेलं लोखंडी पातं आणि पात्याच्या टोकाला गव्हाएवढा दिवा, एवढं साधन. जीभ बाजूला सारायची, पातं उचलायचं, आत वाकून एका डोळ्यानं बघायचं आणि दोन पांढरे स्वरतंतू दिसले की त्यांच्यामधून नळी सोडायची. नागपूरला शिकताना सोबतची मुलं घाम पुसत, आणि मी नळी घालून चहाला गेलेली असे. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्यांना तोंडावर म्हणत असे. त्यातले दोघे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

या हाताला जोडीला दुसरा हात होता, मामांचा. मामा म्हणजे आमच्या ऑपरेशन थिएटरचे अटेंडंट. वैनगंगेकाठचे, मार्कंड्याच्या बाजूचे. घरी थोडं धान, दारात दोन शेळ्या आणि तोंडात खर्रा. सगळा दवाखाना मला मॅडम म्हणे, मामा एकटे बाई म्हणत. मी पातं घेऊन वाकले की मामा समोरून येऊन पेशंटच्या गळ्याच्या घाटीवर, म्हणजे कंठमण्यावर, तीन बोटं ठेवत. बाहेरून घाटी मागे आणि जराशी उजवीकडे दाबली की आतले स्वरतंतू नजरेसमोर सरकतात. मी म्हणायचे, "मामा, थोडं उजवीकडे." आणि तेवढ्यात तंतू दिसायचेच. मी नळी घालून सरळ उभी राहायचे आणि सर्जन म्हणायचा, "मॅडम, तुमचा हात म्हणजे हात आहे." मामा तोवर हात धुवायला गेलेले असायचे.

मामांकडे आणखी एक खातं होतं, गाल तपासायचं. ऑपरेशनच्या सकाळी पोट रिकामं हवं म्हणून आम्ही पेशंटला काही खाऊ नका, पिऊ नका असं चार वेळा बजावतो. लोक इमानदारीनं उपाशी राहतात. चहा घेत नाहीत, पाणी पीत नाहीत आणि गालात खर्रा ठेवून टेबलावर येतात. त्यांना विचारलं तर शपथेवर सांगतात की कालपासून अन्नाचा कण खाल्ला नाही. खोटं कुणी बोलत नाही. खर्रा हा खाण्यात धरतच नाहीत. खर्रा 'खातात', पण ते खाणं नव्हे.

मामा बॅटरी घेऊन दारातच उभे राहत. "गाल दाखव. दुसरा दाखव. आता जीभ वर कर." सापडला की ते इतक्या जोरात ओरडत की बाहेर बसलेले चार नातेवाईक आपापला थुंकून येत. "दवाखान्यात येताना तरी सोडत जा रे बाबू, मरशीन एखाद्या दिवशी," असं तळमळीनं सांगत, आणि हे सांगताना त्यांचा स्वतःचा डावा गाल फुगलेला असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी रागावले की म्हणत, "माही गोष्ट येगळी हाय बाई. मी का टेबलावर चढून राह्यलो?"

मग टीव्ही आला.

त्याचं खरं नाव व्हिडिओ लॅरिंगोस्कोप. पात्याच्या टोकाला कॅमेरा, तिथून वायर, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला चाकांच्या स्टँडवर वहीएवढा पडदा. वाकून बघायला नको. गळ्याच्या आतलं सगळं पडद्यावर दिसतं. पातं बारीक आणि चांगलंच वाकडं, त्यामुळे तोंड कमी उघडत असलं तरी आत जातं. खर्ऱ्याच्या मुलखात याहून उपयोगाची वस्तू दुसरी नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी सही करून खोका घेतला आणि कपाटात खालच्या फळीवर ठेवून दिला. ज्यांना हात नाही त्यांनी टीव्ही बघावा, असं माझं म्हणणं. तो तिथे आठ महिने होता. त्या काळात तोंड उघडत नाही म्हणून मी तीन पेशंट नागपूरला पाठवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. ते तिघेही बरे होऊन आले म्हणून आज हे लिहिताना लाज जरा कमी वाटते.

तो बाहेर काढला तो एका गलगंडवाल्या बाईसाठी. गळ्याची गाठ एवढी मोठी की घाटी कुठे आहे ते शोधावं लागत होतं. सर्जन म्हणाला, "मॅडम, एकदा वापरून तर बघा." मी तोंड वाकडं करून पडदा लावला. मामांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं.

"हा टीव्ही काऊन लावून राह्यले बाई? मॅच हाय का आज?"

"मॅच नाही मामा. बाईच्या गळ्यात बघायचंय."

"मंग मी काय करू?"

"तुम्ही नेहमीसारखं दाबा."

बाई झोपली, पातं आत गेलं आणि पडद्यावर लालसर उजेड पडला. जिभेचं मूळ दिसलं आणि त्याच्या मागे स्वरतंतूंची नुसती कड. मी सवयीनं तोंड उघडलं "मामा, थोडं उजवीकडे" म्हणायला. पण 'मा' म्हणायच्या आत पडद्यावरचं सगळं चित्र मागे गेलं, अलगद उजवीकडे सरकलं आणि दोन्ही स्वरतंतू नाटकाच्या पडद्यासारखे समोर उभे राहिले. मामांनी आधीच दाबलं होतं. मी काही सांगायच्या आत.

मी नळी घातली. पण माझं मन त्या अर्ध्या सेकंदावर अडकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाहिलं, तिसऱ्या दिवशीही पाहिलं. प्रत्येक वेळी तेच. आतून काही दिसत नसताना नुसत्या बोटांना घाटी कुठे आहे, कुठे हवी आहे हे त्या माणसाला कळत होतं. इतकी वर्षं मी वाकून, एक डोळा मिटून, जे 'माझ्या हातानं' साधतंय असं समजत होते, त्यातला अर्धा हात मामांचा होता. आणि मी दर वेळी वर त्यांनाच "थोडं उजवीकडे" असं शिकवत होते. मला त्या दिवशी स्वतःचा इतका राग आला की मी सगळ्यांना चहा पाजला. रागाचं आणि चहाचं माझं असंच आहे.

मामांची गंमत निराळी. आपली बोटं आत काय करतात हे त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं होतं. ते पडद्याजवळ जाऊन म्हणाले, "हे मी हालवून राह्यलो का, बाई?"

"तुम्हीच."

"मले वाटे, तुमी उगीच म्हनता उजवीकडे."

त्या दिवसापासून टीव्ही मामांचा झाला. पडदा पुसणं, पातं धुणं, चार्जिंग, सगळं तेच करत. दुसऱ्या कुणी वायरीला हात लावला तर अंगावर जात. स्वतः दाबताना आता तेही पडद्याकडे बघत आणि जागा बरोबर आली की मान डोलवत. आमच्या दोघांमध्ये "उजवीकडे" हे बोलणं उरलं नाही. पण मी ते म्हणतच राहिले. सवय लागली होती, आणि न म्हणता नळी घालायची मला थोडी भीतीही वाटत होती.

एके दुपारी काम नव्हतं म्हणून मी मामांना धरलं. "तोंड उघडा. घाला बोटं." तीन जाईनात. दोन जेमतेम, तीही दातांना घासत. वर्षाच्या आत पुन्हा पाहिलं तर दीड. म्हणजे एक बोट आणि दुसऱ्याचं नुसतं टोक. मी खूप बोलले. मामींना बोलावून त्यांच्यासमोर बोलले. "तुमचं पोट उघडायची वेळ आली तर मी हात लावणार नाही, सरळ नागपूरला धाडीन," असंही बोलले. मामा लाजल्यासारखे हसले. "पोळ्यापासून सोडतो," म्हणाले. कोणत्या पोळ्यापासून ते मी विचारलं नाही.

मामा स्वतः टेबलावर चढले ते एका ऑगस्टमधल्या दुपारी. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून ते महिनोन्‌महिने खात होते, आणि त्या गोळ्यांनी पोटाला आतून भोक पाडलं होतं. मामींनी ऑटोत घालून आणलं तेव्हा पोट पाटासारखं कडक झालेलं. सर्जननं हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तीन-चार तासांत पोट उघडून भोक शिवलं नाही तर माणूस हातचा जाणार. मी म्हटलं, नागपूर. सर्जन म्हणाला, वैनगंगा पुलावरून चाललीय, आरमोरीची वाट बंद आहे, चंद्रपूरकडची नाल्यानं अडवलीय. कमरेत इंजेक्शन देऊन भागण्यासारखं ते पोट नव्हतं आणि मामांची तब्येतही नव्हती. झोपवावंच लागणार होतं. म्हणजे दीड बोट तोंडातून नळी. झोपवल्यावर ती गेली नाही तर आमचे मामा आमच्याच टेबलावर, आमच्याच डोळ्यांसमोर जाणार.

मी बाहेरच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. मला स्पष्ट सांगायला हरकत नाही, मला माझ्या हाताचा भरवसा वाटेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

एकच रस्ता होता. आधी झोपवायचंच नाही. जागेपणी घसा औषधानं बधिर करायचा, टीव्हीच्या वाकड्या पात्यानं आत बघायचं, नळी श्वासनलिकेत गेली की मगच झोपवायचं. म्हणजे नाहीच जमलं तरी माणूस स्वतःचा श्वास घेत राहील. त्यानंतरही अडलं तर गळ्याला छेद द्यायला सर्जन सुरी घेऊन उभा राहील. मी मामांना हे सगळं सांगितलं. ते पोट धरून ऐकत होते.

"जागेपनी?"

"हो. त्रास होईल थोडा. पण तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

"तसं तं ठाऊक हाय." मग जरा थांबून म्हणाले, "पन बाई, माह्या गळ्याले कोन दाबंल?"

"सिस्टर दाबतील," मी म्हटलं. आमच्या सिस्टर नव्या होत्या, हुशार होत्या, आणि मामांनी त्यांना टीव्हीच्या वायरीला कधी हात लावू दिला नव्हता.

सिस्टरनी मामांचीच बॅटरी घेतली. "मामा, तोंडात काही आहे का?"

"कालपासून अन्नाचा कन नाई," मामा म्हणाले.

मामांना टेबलावर अर्धवट बसतं ठेवलं. पडदा पायाशी, म्हणजे तो मला दिसत होता आणि मामांनाही. घशात औषधाचे फवारे मारले, मामा ठसकले, खोकले. एका हाताला सलाइन होतं. दुसरा हात मी मोकळा ठेवला आणि सांगितलं, "सहन होईना तर हा हात वर करा. मी लगेच थांबेन." त्यांनी मान हलवली.

पातं आत गेलं. पडदा उजळला. आणि जिभेच्या मुळाशी, थेट मधोमध, सुपारीचा एक सुबक तुकडा बसलेला आम्हा चौघांना दिसला. सर्जनला, सिस्टरना, मला आणि स्वतः मामांना. मामांनी डोळे मिटून घेतले. त्या परिस्थितीतही सर्जनचे खांदे हलताना मला दिसले. सिस्टरनी सक्शनच्या नळीनं तो तुकडा ओढून घेतला आणि मामींना न दाखवता बादलीत टाकला, हे त्यांचे मामांवर उपकारच.

मग खरं काम. स्वरतंतू दिसत होते. अर्धेच, पण दिसत होते. प्रत्येक श्वासाला उघडत होते, मिटत होते. मी नळी पुढे सरकवली. टोक उजव्या कडेला आपटून मागे घसरलं. पुन्हा सरकवली, पुन्हा घसरली. दार समोर दिसतंय आणि आत जाता येत नाही, अशी ही टीव्हीची खोड आहे. सिस्टरनी घाटीवर बोटं ठेवून दाबलं. चित्र भलतीकडेच गेलं, तंतू दिसेनासे झाले. "सोडा, सोडा," मी म्हटलं. मामांना ढास लागली. मी थांबले, त्यांना श्वास घेऊ दिला आणि तिसऱ्यांदा नळी पुढे नेली. ती पुन्हा कडेला टेकली. "उजवीकडे" म्हणायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की म्हणायचं कुणाला? सर्जननं सुरी हातात घेतली होती.

तेवढ्यात मामांचा मोकळा हात वर आला.

संपलं, मला वाटलं. आता थांबायलाच हवं, शब्द दिलाय. मी पातं बाहेर काढायला मनगट सैल केलं. पण हात हवेत थांबला नाही. तो हळूहळू त्यांच्या स्वतःच्या गळ्याशी गेला. तीन बोटं घाटीवर बसली. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर पडद्यावर होती. त्यांनी घाटी मागे दाबली, जराशी उजवीकडे सरकवली आणि धरून ठेवली.

पडद्यावर दोन्ही तंतू समोर आले. पूर्ण. मी नळी सोडली. ती गेली.

सिस्टरनी "गेली!" असं इतक्या मोठ्यानं म्हटलं की बाहेर मामींना ते 'गेले' असं ऐकू जाईल आणि त्या भलताच अर्थ काढतील म्हणून मला आतून ओरडून सांगावं लागलं की नळी गेली, नळी! मग मी मामांना झोपवलं. बोटं गळ्यावरून खाली यायला जरा वेळ लागला. सर्जननं पोट उघडून भोक शिवलं, आणि मी मास्कच्या आत मनसोक्त रडून घेतलं. मास्कचा हा एक फायदा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पूर्ण जागे झाल्यावर मी नळी काढली. घसा बसलेला, आवाज फाटका. त्यांनी आधी मामींकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता त्या सुपारीबद्दल माफी मागतील. मी रागावायची तयारीही केली होती.

"बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काल तुमी उजवीकडे म्हनलंच नाई."

"म्हणणार कुणाला मामा? घाबरले होते मी."

"हां," मामा म्हणाले. "मले तेच वाटलं. म्हून मंग मीच दाबलं."